वस्तादांचा 'नको'

भेटलेल्या प्रत्येक तरण्या माणसाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, तळहात टेकवायची वस्तादांना सवय होती. हात टेकवायचा, क्षणभर दाबायचा आणि म्हणायचं, "ही जागा मातीला दावायची न्हाई." तालमीतल्या पोरांना तर ते रोजच ऐकावं लागे. पण कर्जतला नव्यानं बदलून आलेला बँकेचा मॅनेजर, गॅसची टाकी टाकायला येणारा माणूस आणि माझा जावई, हेही त्यातून सुटले नाहीत. जावयानं नंतर मला हळूच विचारलं होतं, माझ्या शर्टाला मागे काही लागलंय का.

एखाद्या माणसाचं सगळं आयुष्य एका वाक्यात मावतं. तुमच्याही गल्लीत असा कोणीतरी असेल. वस्तादांचं मावलं होतं. त्यांच्या हिशेबानं जगात दोनच प्रकारची माणसं होती, पाठ लागलेली आणि न लागलेली.

त्यांची तालीम माझ्या घरासमोर. पत्र्याचं छप्पर, आत लाल मातीचा हौदा, बाहेर लिंबाचं झाड. मी इथल्याच हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. वीसेक वर्षं आमचा शेजार होता, पण संबंध 'पाणी आलं का' आणि 'आलं हो बाई' एवढाच. खरी ओळख झाली ती त्यांच्या मुलीमुळे.

तेजू त्यांची एकुलती एक. सात वर्षांची असताना त्यांनी तिला मातीत उतरवली. लोक थोडे दिवस बोलले आणि मग पोरगी मुलांनाही पाडायला लागल्यावर गप्प बसले. पुढे ती माझ्या वर्गात आली. सुजलेले कान वेणीखाली झाकून ती शेवटच्या बाकावर बसायची आणि व्याकरणाला फार घाबरायची. रोज सकाळी मी ओट्यावर चहा घ्यायला बसले की समोरून वस्तादांचा आवाज यायचा, "पालथी! पालथी हो!" समोरच्यानं उचलून टाकलं, तर पाठ जमिनीला टेकायच्या आत गिरकी घेऊन पोटावर पडायचं, असा त्याचा अर्थ. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला. पोटावर पडलेला माणूस अजून जिवंत असतो. इतकी वर्षं ते कानावर पडून माझ्याही स्वयंपाकघरात एखादं ताट हातून निसटलं की मनात आधी 'पालथी हो' यायचं.

राज्याच्या निवड चाचणीत तेजू दोनदा थोडक्यात राहिली. मग पुण्याला एका जिममध्ये शिकवायच्या कामाला लागली आणि तिथं तिला तो दुसरा खेळ सापडला. जाळीच्या पिंजऱ्यात दोघी उतरतात. बुक्क्या चालतात, लाथा चालतात, कुस्ती चालते, गळा आवळलेलाही चालतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. वस्ताद त्याला 'मिसळ कुस्ती' म्हणायचे. पहिले काही महिने त्यांनी तिच्याशी अबोला धरला. कुस्तीत समोरच्याचं रक्त काढायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं. मग एका रविवारी दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात मोबाईल होता.

"बाई, ह्यो मानूस इंग्रजीत काय बोलतोय, तेवढं सांगा."

तेजूची पहिली लढत ठरली होती. समोरच्या मुलीचे जुने व्हिडिओ तेजूनं पाठवले होते, आणि त्यांवर कोणीतरी इंग्रजीत भराभर बोलत होतं. मी चष्मा लावला. तोवर मी असलं काही पाहिलं नव्हतं. पहिल्याच मिनिटात एकीच्या नाकातून रक्त आलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला. वस्तादांनी तो शांतपणे सुलटा केला.

ती मुलगी उंच होती, लांब हातापायांची, किकबॉक्सिंगमधून आलेली. तिला समोरची बाई हातभर अंतरावर हवी असायची. त्या अंतरावर ती फार भयंकर होती. वस्तादांनी तिला तीन वेळा पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. ही काठीवाली आहे, म्हणाले. काठी फिरवणाऱ्यापासून लांब पळालं की मार बसतो, पण त्याच्या कवेत शिरलं की काठी बिनकामाची. एक फटका खाऊन तेजूनं आत शिरायचं आणि पट काढायचा, म्हणजे तिचे पाय धरून तिला खाली आणायचं. उभ्यानं भांडणाऱ्या माणसाला खाली पडल्यावर काय करावं ते सुचत नाही.

झालंही तसंच. तेजूच्या भुवईवर खोक पडली, पण दुसऱ्या मिनिटाला ती उंच मुलगी खाली आणि तेजू वर. वस्तादांनी गल्लीत पेढे वाटले. मला दोन जास्त दिले, भाषांतराचे म्हणून.

त्यानंतर दर रविवारी ते यायचे. चपला बाहेर काढायच्या, ओट्याच्या कडेला बसायचं, चहा बशीत ओतायचा. कोणाच्या तरी लढती आम्ही बघायचो. मी साठीच्या जवळ आलेली इंग्रजीची मास्तरीण आणि ते साठी ओलांडलेले पैलवान. माझ्या बहिणीचा फोन आला की मी सांगायचे, जरा कामात आहे. बुक्केवाला आणि कुस्तीवाला भिडले तर काय होतं, कोण कोणाला आपल्या खेळात ओढतं, हे मला कळायला लागलं. जो आपल्या जमिनीवर लढतो तो जिंकतो, एवढं साधं ते होतं. म्हणून लढत ठरली की आधी कोण बलवान हे बघायचं नाही, कोणाची सवय कोणाच्या सवयीला गिळते ते बघायचं.

दुसऱ्या लढतीला बंगळूरची मुलगी मिळाली. बुटकी, शांत, पिंजऱ्याबाहेर जाड भिंगाचा चष्मा लावणारी. जुजुत्सू नावाची जपानी झटापट शिकलेली. तिचा व्हिडिओ लावला तर पहिल्या अर्ध्या मिनिटात ती आपण होऊन खाली बसली आणि उताणी झाली. वस्ताद हसले.

"ही तर पडली की. संपली कुस्ती."

संपली नाही. वरची मुलगी तिच्यावर झेपावली, तसे खालचीचे पाय तिच्या कमरेला वेढले. मग एक हात ओढला गेला, पाय मानेवरून आला, आणि वरचीनं दुसऱ्या हातानं दोनदा थोपटून हार कबूल केली. वस्तादांनी बशी खाली ठेवली. परत लावायला सांगितलं. परत लावलं. बोलणारा काय म्हणतोय ते विचारलं. मी सांगितलं, तो म्हणतोय की हिच्यासाठी खाली असणं म्हणजे हरणं नाही.



"मग बाई, हरनं कशाला म्हनायचं?"

त्यांना खरं भ्यायला लावलं ते तिच्या दुसऱ्या एका व्हिडिओनं. त्यात तिच्यासमोर एक हरियाणाची पैलवान मुलगी होती, तेजूसारखीच मातीतली. बंगळूरच्या मुलीनं खालून आपली कंबर उचलून तिला उलटवलं, आणि ती पैलवान पोरगी पाठ टेकायच्या आत चपळाईनं गिरकी घेऊन पोटावर आली. वस्तादांच्या तोंडून 'वा' निघून गेलं. पण पुढच्याच क्षणी चष्मेवाली तिच्या पाठीवर होती आणि तिचा हात हनुवटीखालून गळ्याभोवती गेला होता. पोटावर पडलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. सोडवायला हात पोचत नाहीत. म्हणजे या मुलीशी लढताना पालथं होणं हाच मोठा धोका होता, आणि तेजूला पालथं व्हायला यांनीच शिकवलं होतं, सात वर्षांची असल्यापासून, रोज सकाळी.

पुण्याच्या प्रशिक्षकांना ते भेटून आले. तरुण माणूस होता, आदरानं वागला. आमचं त्यावरच काम चाललंय, म्हणाला. सहा आठवडे होते. तेजू रविवारी घरी आली की वस्तादही तालमीत तिचं ते काम करून घ्यायचे. मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. ते तिला उचलून टाकायचे आणि ओरडायचे, पालथी न्हाई, उतानी ऱ्हा. तेजू हवेतच वळायची आणि पोटावर पडायची. उठून म्हणायची, परत. पुन्हा तेच. तिला हसू यायचं, मग राग यायचा, मग डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी वस्तादांनी दोन पैलवानांना सांगितलं की मला टाका. पोरं तयार होईनात. त्यांनी दटावलं तेव्हा एकानं घाबरत घाबरत त्यांची कंबर धरली आणि त्यांना टाकलं. वस्ताद साठी ओलांडलेले, गुडघे गेलेले, पण मांजरासारखे वळले आणि पोटावर आले. तोंडात माती गेली. पोरं हसली. तेजू हसली नाही.

"माझंबी अंग ऐकत न्हाई, बाई," ते मला म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले.

लढत पुण्यात होती, शनिवारी दुपारी. इंग्रजी जाणणारं कोणी बरोबर हवं म्हणून ते मला घेऊन गेले. त्या हॉलमध्ये आम्ही दोघं कशी दिसत असू याची कल्पना करा. चहूकडे काळे टीशर्ट, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि मध्ये एक फेटेवाले वस्ताद व सुती साडीतली बाई. तेजूच्या कोपऱ्यात फक्त तिचे प्रशिक्षक आणि मदतनीस. बापाला तिथं जागा नव्हती. आम्ही सातव्या रांगेत.

पहिली फेरी तेजूची झाली. ती खाली गेली नाही, त्या पायांच्या वेढ्यात सापडली नाही, उभ्यानंच मारत राहिली. वस्ताद दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. दुसऱ्या फेरीत ती मुलगी तिला बिलगली आणि तेजूनं ढाक लावली, मान धरून तिला कमरेवरून फेकलं. सुंदर लावली. अख्खा हॉल उठला. पण खाली आदळतानाच त्या मुलीचे पाय तेजूला वेढले होते. खालून त्या मुलीची कंबर उचलली गेली, आणि तेजू वरून खाली जायला लागली.

ते सगळं एका श्वासाइतकं होतं. तेवढ्यात वस्ताद उभे राहिले आणि ओरडले, "पालथी होऊ नको, तेजू!" चाळीस वर्षं तालमीत कमावलेला आवाज तो. गाण्याच्या, आरडाओरड्याच्या वर गेला.

तेजू वळली आणि पोटावर आली.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. ती मुलगी पाठीवर चढली, हात गळ्याखाली गेला. हार मानायला तेजूनं नुसतं दोनदा थोपटायचं होतं. तिनं थोपटलं नाही. तिचा हात जमिनीवर नुसता उघडा पडला होता. पंच वाकून बघत होते, आणि मग त्यांनी त्या मुलीला ओढून बाजूला केलं. तेजू हलत नव्हती. वस्ताद रांगेतून धावले. कठड्यापाशी एका रखवालदारानं त्यांना अडवलं. त्यांनी त्याला ढकललं नाही. मनात आणलं असतं तर उचलून टाकलं असतं. ते फक्त म्हणाले, "बाप हाय मी तिचा." तो म्हणाला, "काका, डॉक्टर आत आहेत, दोन मिनिटं थांबा." ते थांबले. एका हातात फेटा आला होता, दुसऱ्या हातानं कठडा धरला होता. तेजू उठून बसेपर्यंत ते तसेच उभे होते.

तिला काही इजा झाली नव्हती. संध्याकाळी दवाखान्यातून तपासून आली. वस्ताद चहा आणायला गेले तेवढ्यात ती मला म्हणाली, "मॅडम, मला आबांचा आवाज आला. 'पालथी' एवढंच ऐकू आलं आणि अंग आपोआप फिरलं." मग म्हणाली, "त्यांना सांगू नका."

मी आयुष्यभर इंग्रजीचं व्याकरण मराठीशी ताडून शिकवलं. इंग्रजीत मनाई वाक्याच्या तोंडाशीच असते, पुढचं काही ऐकायच्या आत माणूस थबकतो. मराठीत आधी कृती येते आणि 'नको' शेवटी. पाचवी-सहावीच्या मुलांना हा फरक मी फळ्यावर किती वेळा लिहून दाखवला असेल. त्याचा कोणाच्या गळ्याशी संबंध येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

परतीच्या एसटीत वस्ताद खिडकीशी बसले. दौंड मागे पडलं. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "बाई, तिला माझा आवाज गेला आसंल का?"

मी म्हटलं, "नाही हो वस्ताद. एवढ्या गोंगाटात कुठला जातोय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, एका माणसाला मी वाचवलं.

खोटं किती लांब चालत जातं बघा. चार महिन्यांनी तेजूची पुढची लढत ठरली, आणि एका रविवारी वस्ताद कोरा कागद घेऊन आले. त्यांना अर्ज हवा होता, इंग्रजीत. वडिलांना मुलीच्या कोपऱ्यात बसायची परवानगी मिळावी. मागच्या वेळी सातव्या रांगेतून आवाज पोचला नाही, तुम्हीच म्हणालात, तर या वेळी जवळून ओरडतो. मी कागद ठेवून घेतला. पुढच्या रविवारी म्हटलं, चांगले शब्द सुचत नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, लिहिलाय पण घरात कुठं ठेवला सापडत नाही. ते मुकाट्यानं चहा पिऊन जायचे. मग तेजूचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज कोरडा होता. या वेळी आबांना आणू नका मॅडम, म्हणाली. काहीही कारण सांगा. ते तिथं असले की मी त्यांचीच मुलगी असते, मला दुसरं काही होता येत नाही.

कारणं माझ्याजवळची संपली होती. मी समोर तालमीत गेले. सकाळचा सराव उरकला होता, ते एकटे माती सारखी करत होते. मी उभ्या उभ्या खरं सांगितलं.

त्यांनी खोरं भिंतीला लावून ठेवलं. बसले. बराच वेळ त्यांनी हातावरची माती बोटानं खरवडून काढली, जणू तेवढंच काम होतं.

"म्हंजी 'पालथी' पोचलं," ते म्हणाले. "'नको' न्हाई पोचलं."

मी म्हटलं, यात तुमची काही चूक नाही.

"चूक न्हाईच," ते म्हणाले. "चूक आसती तर सुधारली आसती."

एवढंच. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून समोरून आवाज यायचा बंद झाला. ते पोरांना हातानं शिकवायला लागले. खांदा धरून वळवायचे, पाय सरकवून दाखवायचे, पण तोंडातून शब्द नाही. नवी मुलं त्यांना मुके समजायची. माझ्या सकाळी इतक्या शांत झाल्या की मी रेडिओ लावायला लागले.

तेजूची ती लढत पुण्यातच झाली. आम्ही गेलो नाही. दुपारी ते माझ्या ओट्यावर बसून राहिले, फोनकडे पाठ करून. फोन मी घेतला. तेजू जिंकली होती, पंचांच्या गुणांवर. नंतर व्हिडिओ आला, तो त्यांनी पाहिला नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा, म्हणाले. मी पाहून सांगितलं. शेवटच्या फेरीत समोरचीनं तेजूला खाली पाडलं होतं, आणि तेजू वळली नाही. समोरचीला पायांत अडकवून तशीच राहिली, घंटा होईपर्यंत.

"पाठ लागली हुती?" त्यांनी विचारलं.

"लागली होती."

"किती येळ?"

"मिनिटभर तरी."

"आन् जिकली."

"जिंकली."

त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला. आनंद झाला होता, यात शंका नाही. पण त्या आनंदात ते कुठंच नव्हते, हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. जिंकायला तिला आधी त्यांनी शिकवलेलं विसरावं लागलं होतं.

दिवाळीला तेजू चार दिवस येऊन गेली. घर भरलं. बापलेक एकमेकांशी फार जपून बोलत होते, पाहुण्यांशी बोलावं तसं. ती निघाली त्या दिवशी मला स्टँडकडे काम होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर चालत गेले. वस्तादांनी तिची बॅग गाडीत चढवली, सीट पकडून दिली, खाली उतरले आणि तिच्या खिडकीखाली उभे राहिले. गाडी सुरू झाली, काच बंद होती, इंजिनाचा आवाज होता. गाडी हलली तेव्हा वस्ताद काहीतरी बोलले. तेजूनं आतून कानाला हात लावला, मग ऐकू आल्यासारखी मान डोलावली आणि हात हलवला. गाडी वळली.

तीन आठवड्यांनी, सकाळी हौद्यातली माती उकरताना वस्ताद खाली बसले ते उठलेच नाहीत. पोरांनी मला हाक मारली. मी जाईपर्यंत सगळं झालं होतं. पोरांनी त्यांना लिंबाखाली आणून सतरंजीवर निजवलं होतं.

तेराव्याला मंडळी पांगल्यावर तेजू माझ्याकडे आली आणि ओट्याच्या कडेला बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग तिनं विचारलं, त्या दिवशी गाडी सुटताना आबा काय म्हणाले होते. तुम्ही त्यांच्या शेजारी होता. तीन आठवडे आबांना विचारीन विचारीन म्हणत राहिले, फोनवर विचारायचं राहून गेलं, म्हणाली.

तिच्या तोंडाकडे बघून मला काहीतरी मोठं सांगावंसं वाटलं. बापानं लेकीला म्हणावं असं पुष्कळ काही मला सुचत होतं. पण एकदा मी त्या दोघांच्या मध्ये खोटं बोलले होते.

मी म्हटलं, "ते म्हणाले, बॅग आडवी ठिवू नको, डब्यात रस्सा हाय, सांडंल."

समोर तालमीला कुलूप होतं.

"सांडला होता, मॅडम," ती म्हणाली. "सगळे कपडे भरले होते."